कॉन्ट्रा डान्समधला स्विंग : पाय नेमके कुठे ठेवायचे?

रानजाई

कॉन्ट्रा डान्सला जाणारं इथे कुणी आहे का? आम्ही दोघं बॉस्टनच्या बाहेर राहतो आणि गेल्या हिवाळ्यापासून कॉन्कर्डच्या स्काउट हाउसमध्ये नाचायला जातो. बाकीच्या आकृत्या आता अंगवळणी पडल्यात. सर्कल, स्टार, चेन, लाँग लाइन्स, कॉलरने पुकारलं की पाय निघतात. अडतं ते स्विंगपाशी, म्हणजे जोडीदाराला धरून जागच्या जागी गरगर फिरण्यापाशी. आणि स्विंग तर जवळजवळ प्रत्येक नाचात असतोच, बहुतेकदा दोनदा: एकदा शेजाऱ्याबरोबर, एकदा आपल्या जोडीदाराबरोबर.

चांगले नाचणारे स्विंग घेतात तेव्हा त्यांची डोकी एका पातळीत फिरतात. आम्ही घेतला की खालीवर हिसके बसतात, मधूनच गुडघ्यावर गुडघा आपटतो. संध्याकाळ अर्धी सरेपर्यंत माझा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागतो. नवऱ्याला चक्कर येते ती वेगळीच. त्यात तो आधी वॉल्ट्झ शिकलेला, त्यामुळे त्याचा डावा पाय आधी निघतो आणि माझा उजवा. कॉलर सुरुवातीच्या अर्ध्या तासात बझ स्टेप, म्हणजे स्विंगचं पाऊल, दाखवतात, पण तेवढ्यात ती पायात उतरत नाही. कुणी सावकाश, पायापासून समजावून सांगेल का?

घारापुरी

हा नाच पाहिलेला नाही. कसा असतो ते थोडं लिहाल का कुणीतरी? मग पुढचं वाचायला सोपं जाईल.

पाणंद

घारापुरी, थोडक्यात सांगतो. समोरासमोर दोन लांब रांगा. दोन-दोन जोड्या मिळून चौघांचा गट. चौघांनी ठरलेल्या आकृत्या करायच्या. त्या ६४ मोजांत (तालाच्या ठोक्यांत) संपतात आणि प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकून नव्या जोडीला भेटते. असं होत होत रांगेतल्या बहुतेक सगळ्यांशी नाचून होतं. वादक समोर प्रत्यक्ष वाजवत असतात, फिडल (व्हायोलिन) आणि पियानो बहुतेक ठिकाणी असतातच. कॉलर मोज यायच्या जरा आधी आकृतीचं नाव पुकारतो. मूळ इंग्लंडच्या कंट्री डान्समध्ये. जॉन प्लेफर्डने १६५१ साली लंडनला त्या नाचांचं पुस्तक छापलं होतं. अमेरिकेत तो न्यू इंग्लंडच्या गावांनी टिकवला. विसाव्या शतकात न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज यांनी आणि त्यांच्यानंतर डडली लॉफमन यांनी त्यात जीव राखला. १९६० आणि ७० च्या दशकांत तरुण मंडळी जमली आणि तिथून तो देशभर गेला.

प्लेफर्डच्या काळात जोडीदाराला पाठीशी धरून असं गरगर फिरणं नव्हतं. ती पकड एकोणिसाव्या शतकातल्या वॉल्ट्झ-पोल्काच्या वळणाची आहे. पण आज कॉन्ट्रा नाचणाऱ्याला विचारा, सगळ्यात लाडकं काय, तर दहातले नऊ जण स्विंगच म्हणतील.

रानजाईंना सविस्तर उत्तर रात्री लिहितो. मी ग्रीनफील्डच्या ग्रेंज हॉलमध्ये बरीच वर्षं नाचतोय आणि नवीन लोकांना हे दाखवायला मला मनापासून आवडतं.

पाणंद

रानजाई, आधी तुमच्या यजमानांचं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

वॉल्ट्झमध्ये दोघांचे पाय आरशातल्यासारखे चालतात. एकाचा डावा, तर समोरच्याचा उजवा. स्विंगमध्ये आरसा नाही. तुम्ही लार्क असा की रॉबिन, दोघांचा उजवा पाय आत आणि डावा बाहेर. दोघांचंही पहिलं पाऊल उजवं. हे त्यांच्या पायाला एकदा पटलं की निम्मं काम झालं. (वाचणाऱ्यांसाठी: पूर्वी जेन्ट्स आणि लेडीज म्हणत, आता पुष्कळ ठिकाणी डावीकडे उभा राहणारा लार्क आणि उजवीकडे उभा राहणारा रॉबिन. कुणीही कुठलीही बाजू घ्यावी.)

आता उभं कसं राहायचं. अगदी नाकासमोर नाही. दोघांनी आपापल्या डावीकडे जरासं सरकायचं. म्हणजे तुमची उजवी कूस त्यांच्या उजव्या कुशीजवळ येते, आणि दोघांच्या उजव्या पावलांच्या बाहेरच्या कडा शेजारी-शेजारी येतात. मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा. गुडघ्यावर गुडघा आपटतो तो इथेच चुकल्यामुळे: दोघं सरळ समोरासमोर उभे राहता, मग चार गुडघ्यांना मध्ये जागाच उरत नाही. चेहरे मात्र एकमेकांकडे वळलेले हवेत. कमरेखाली थोडं तिरपं, खांद्यांवर समोरासमोर.

फिरायचं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोज पडली की उजवं पाऊल: लहानसं, पुढे, जोडीदाराच्या पावलाला वळसा घालत. पुढची मोज पडायच्या आधीच्या फटीत डावा पाय: नुसता चवडा, उजव्याच्या मागे आणि थोडा बाहेर टेकवून जमीन मागे लोटायची. पुन्हा मोजेवर उजवा. हीच बझ स्टेप. अंगाचा भार खरा उजव्या पायावर असतो, डाव्यावर तो क्षणभर उसना जातो आणि परत येतो. डावा पाय उजव्याच्या पुढे कधीही जाता कामा नये. पुढे गेला की ढकलायला काही उरत नाही आणि जोडीदाराच्या पायात पाय अडकतो.

आता तुमचे हिसके. डाव्या पायाने जमीन *मागे* लोटायची आहे, *खाली* नाही. खाली दाबलं की अंग वर उसळतं, मग उजवा पाय वरून आपटतो आणि तो धक्का जोडीदाराच्या हातात जातो. घरी भिंतीजवळ एकटीने करून बघा. आरशासमोर उभं राहायचं, डोक्याच्या उंचीवर आरशाला कागदाची पट्टी चिकटवायची आणि बझ स्टेपने एका जागी गोल फिरायचं. प्रत्येक फेरीत डोकं पट्टीच्या रेषेतच दिसलं पाहिजे. गुडघे मोकळे, ताठ नाहीत आणि फार वाकलेलेही नाहीत. पावलं जितकी लहान घ्याल तितकं फिरणं सपाट होईल. वेग आपण लावायचा नसतो, पायांची जागा बरोबर आली की तो येतो.

गुडघा दुखण्याबद्दल माझा अंदाज आहे, पण त्यावर जाणकाराने बोलावं.

पावशी

मी पुण्यात फिजिओथेरपी करते. हा नाच मी कधी केलेला नाही, पण पाणंद यांनी पायांचं इतकं नीट लिहिलंय की गुडघ्यात काय होत असेल ते समजतं.

गुडघा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे. वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं काम. पिळवटायची सोय त्यात फार थोडी, आणि पाय सरळ असताना तर जवळजवळ नाहीच. अंगाचा भार पावलावर आहे, पाऊल जमिनीला चिकटलेलं आहे आणि वरचं शरीर वळतंय, असं झालं की तो पीळ गुडघ्यातल्या गादीवर आणि आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जातो. रानजाई, तुमचं दुखणं आतल्या बाजूला आहे, म्हणून विचारते: उजवं पाऊल तुम्ही एका जागी रोवून त्यावर फिरता का? आणि बूट कुठले घालता?

रानजाई

हो! अगदी तसंच करते. मध्यावर पाय रोवायचा आणि त्याच्याभोवती फिरायचं, असंच मला वाटत होतं. बूट धावायचे, रबरी तळाचे.

पावशी

मग कारण बहुधा सापडलं. धावायच्या बुटांचा तळ पकड धरण्यासाठीच केलेला असतो. फिरताना तीच पकड पावलाला अडवते आणि गुडघा वळत राहतो. तळ गुळगुळीत हवा. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा सूज आली, गुडघा मध्येच अडकल्यासारखा वाटला, तर मात्र प्रत्यक्ष दाखवा. अंगावर काढू नका.

पाणंद

पावशी, नेमकं हेच मला लिहायचं होतं, तुम्ही कितीतरी नीट लिहिलंत. उजवं पाऊल रोवायचं *नाही*. प्रत्येक मोजेला ते जमिनीपासून केसभर सुटतं, थोडं वळतं आणि पुन्हा टेकतं. बोटं नेहमी जिकडे जायचंय तिकडे. पाऊल आधी वळतं, मग त्यावर भार येतो, हा क्रम उलटला की पीळ बसतो.

बुटांचं म्हणाल तर चामडी तळाचे जुने बूट उत्तम. नाचाचे म्हणून मिळणारे स्नीकर्स, ज्यांत चवड्याखाली गोल गुळगुळीत चकती असते, तेही चालतात. बऱ्याच हॉलमध्ये लाकडी जमीन जपण्यासाठी बाहेरचे बूट घालून नाचू देत नाहीत, म्हणून वेगळे बूट पिशवीतून न्यायचे.

मांडवीकाठ

वाचता वाचता हात शिवशिवायला लागले! मी फोंड्याची. लहानपणी चवथीला आणि पुढे मुंबईत मंगळागौरीच्या खेळांत आयुष्यभर फुगडी घातलीय, साधी, बस फुगडी, एका हाताची, दंड फुगडी, सगळ्या. लेकीकडे व्हर्जिनियात गेले होते तेव्हा तिने मला कॉन्ट्राला नेलं. पहिल्याच स्विंगला वाटलं, ही तर आपली फुगडीच. पण माझ्याबरोबर नाचणाऱ्या एका वयस्कर बाईंनी थांबवून अगदी प्रेमाने सांगितलं, मागे इतकी झुकू नकोस. ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. फुगडीत तर मागे रेलल्याशिवाय गतीच येत नाही.

शमी

मांडवीकाठ, फार चांगला प्रश्न. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहिते. वॉशिंग्टनजवळ ग्लेन एकोच्या स्पॅनिश बॉलरूममध्ये नाचते. १९३३ साली बांधलेला हॉल आहे, एका शुक्रवारी जाऊन बघाच.

फुगडीत आपण पावलं जुळवतो, चवड्याला चवडा भिडवतो आणि हात फुलीसारखे धरतो. मग दोघी मागे रेलतो. दोघींचं वजन त्या हातांवर पूर्ण तोललेलं असतं. एकीने हात सोडले तर दुसरी पडते, म्हणून तर आपण मनगटं घट्ट धरतो. आणि फुगडी दोघींचीच असते, दमेपर्यंत.

स्विंगमध्ये आठ किंवा बारा मोजांनी तुम्हाला सुटून लगेच दुसरी आकृती घ्यायची असते. पूर्ण रेललेलं अंग त्या वेळात पुन्हा सरळ होत नाही. शिवाय बाजूला दीड हातावर दुसरी जोडी फिरत असते. म्हणून इथला नियम असा: जोडीदार या क्षणी नाहीसा झाला तर मी माझ्या पायांवर उभी राहिले पाहिजे. पाठ ताठ, मागे झुकायचं ते कमरेतून मुळीच नाही. फिरण्याने जो बाहेरचा ओढा तयार होतो तेवढाच एकमेकांना द्यायचा-घ्यायचा. तो पाठीवरच्या तळहातात जाणवतो.

तेव्हा फुगडीवालीने काय ठेवावं? ओढा ओळखण्याची सवय ठेवावी, ती सोन्यासारखी आहे. आपली बाई पहिल्या दिवशी जोडीदाराचं वजन जसं ओळखते तसं इथल्या कित्येकांना वर्षभर जमत नाही. सोडायचं काय, तर जुळवलेली पावलं आणि रेलणं.

मांडवीकाठ

आता समजलं. शमी, देव बरें करूं तुझें.

सोनकी

पायांबद्दल छान चाललंय, पण एक सांगावंसं वाटतं. बझ स्टेप केली तरच खरा स्विंग, असं नवीन माणसाच्या मनात बसू नये. नुसत्या चालण्याच्या पावलांचा स्विंगही तितकाच खरा आहे. एका मोजेला एक पाऊल, उजवा-डावा-उजवा-डावा, जोडीदाराभोवती चालत जायचं, पकड तीच. मी न्यू हॅम्पशरमध्ये राहते. इथे सत्तरी ओलांडलेले लोक संपूर्ण संध्याकाळ असा स्विंग घेतात आणि त्यांच्याबरोबर नाचण्यासारखं सुख नाही. चक्कर येणाऱ्याने, गरोदर बाईने, गुडघा दुखत असलेल्याने बेलाशक चालावं. "आपण चालत घेऊ या का?" एवढं म्हटलं की समोरचा लगेच ऐकतो.

कवडसा

सोनकी, मान्य, पण थोडी असहमती. तरुण माणसाने आळसाने चालत राहू नये. बझ स्टेप पहिल्या महिन्यात पायात नाही आली तर पुढे येता येत नाही. आणि सगळा उत्साह त्या गरगरण्यातच तर आहे.

सोनकी

कवडसा, पहिल्या महिन्यात नाही आली तर येत नाही हे मला पटत नाही. चालता चालता मोजेवर उजवा पाय आत आणि डावा मागे ठेवायची सवय लागली की एके दिवशी बझ आपसूक सुरू होते. घाईने शिकलेली बझ मात्र उड्या मारणारी राहते, आणि ती मोडून नवी घालणं फार कठीण. रानजाईंना सध्या दुखतंय. त्यांनी बूट बदलून आधी चालत घ्यावं, असंच मी म्हणेन.

पावशी

सोनकींना अनुमोदन. दुखतंय तोवर चालणंच बरं.

गज

मी व्हर्मांटमध्ये एका बँडमध्ये फिडल वाजवतो, त्यामुळे माझं सांगणं स्टेजवरून जे दिसतं त्याबद्दल.

आमच्या धुनांची लय साधारण मिनिटाला ११० ते १२० मोजा. धून ३२ बारांची (एका बारात दोन मोजा): अ भाग दोनदा, ब भाग दोनदा, प्रत्येक भाग १६ मोजांचा. कॉलर जेव्हा बॅलन्स अँड स्विंग म्हणतो तेव्हा चार मोजा बॅलन्सच्या आणि बारा स्विंगच्या, मिळून एक पूर्ण भाग. हे कानाने पकडायला शिका. भाग संपताना धून खाली उतरते, घरी येते, हे आपल्या संगीतातल्या माणसाला पटकन कळतं. स्विंग त्या समेवर संपला पाहिजे. ज्यांना ते ऐकू येत नाही ते एक फेरी जास्त घेतात, मग पुढच्या सर्कलला उशिरा पोचतात आणि चौघांचा गट विस्कटतो.

बॅलन्सचं एक पायाचं गुपित: दोन्ही हात धरून उजव्या पायावर यायचं, डावा मोकळा झुलवायचा. मग डाव्यावर यायचं, उजवा मोकळा झुलवायचा. चौथ्या मोजेला भार डाव्यावर आणि उजवा हवेत. म्हणजे स्विंगचं पहिलं पाऊल तयारच आहे! रानजाईंच्या यजमानांनी फक्त बॅलन्स नीट केला तरी त्यांचा डावा पाय आधी निघणार नाही, कारण तो निघूच शकत नाही.

रानजाई

गज, हे वाचून दोघं उठून स्वयंपाकघरात करून पाहिलं. खरंच डावा निघत नाही!

चक्कर येण्याबद्दल कुणी सांगेल का? आणि हातांचं?

शमी

चक्कर: नजर फिरत्या खोलीवर गेली की गरगरतं. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहायचं, कारण फिरत्या जगात तेवढाच चेहरा तुमच्यासाठी स्थिर असतो. डोळ्यांत पाहायला अवघड वाटत असेल तर कपाळ, कान, गळपट्टी, काहीही चालतं. त्यामुळे कुणी रागावत नाही. अपरिचित माणसाच्या डोळ्यांत पाहणं आपल्याकडच्या पुष्कळ बायकांना सुरुवातीला जड जातं. मी बरेच दिवस कानातल्याकडे पाहून नाचले आणि चक्कर अजिबात आली नाही. रिकाम्या पोटी नाचायला जाऊ नका, पाणी पीत राहा.

हात: लार्कचा उजवा तळहात रॉबिनच्या डाव्या खवाट्यावर सपाट. बोटं रुतवायची नाहीत, अंगठ्याने बरगडी दाबायची नाही, कमरेपाशी तर नाहीच. रॉबिनचा डावा हात लार्कच्या दंडामागून खांद्याच्या मागच्या बाजूला. हा हात नुसता टेकवून ठेवायचा नसतो, त्यानेही जोडीदाराची पाठ राखायची असते. तुम्ही दोघं एकमेकांची पाठ धरता तेव्हा ओढा दोन्हीकडे वाटला जातो. रॉबिनने हात ढिला सोडला तर लार्कच्या उजव्या खांद्यावर सगळं येतं आणि रात्री खांदा भरून येतो. उरलेले दोन हात सैल धरून कोपरं गोल, आपल्या वर्तुळाच्या आत. ते हात पंपासारखे वरखाली हलवत राहणारे लोक भेटतात. त्यांचे पाय मागे लोटण्याऐवजी खाली दाबत असतात, हे हातांवरून कळतं.

आणि हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, पुरुषांनाही: पकड दुखत असेल, फार जवळ ओढलं जात असेल, जास्त वेगाने फिरवलं जात असेल, तर तिथल्या तिथे सांगा. "सावकाश, प्लीज" हे दोन शब्द पुरतात. ऐकलं नाही तर पुढच्या वेळी त्या माणसाला नाही म्हणा आणि आयोजकांना जाऊन सांगा. नाही म्हणण्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

घारापुरी

कधी पाहायलाही न मिळालेल्या नाचावर इतकं वाचेन असं वाटलं नव्हतं. लिहीत राहा.

पाणंद

शेवटाबद्दल कुणी लिहिलेलं नाही, आणि नवीन जोड्या सर्वात जास्त गोंधळतात ते तिथेच. स्विंग संपतो तेव्हा लार्क डावीकडे आणि रॉबिन उजवीकडे, दोघांची तोंडं पुढच्या आकृतीकडे, बहुतेक वेळा सेटच्या, म्हणजे दोन रांगांच्या, आत. त्यासाठी शेवटच्या मोजेपर्यंत वाट पाहायची नाही. दोन मोजा उरल्या की डाव्या पायाचं लोटणं कमी करायचं, आपण कुठे आहोत ते पाहायचं, शेवटची दोन पावलं साधी चालायची. लार्कने उजवा हात रॉबिनच्या पाठीवर तसाच राहू द्यायचा, फक्त पुढचे जोडलेले हात सोडायचे. रॉबिन आपोआप त्याच्या उजव्या बाजूला उघडते. तिला ढकलायचं, फेकायचं नाही. ती अजून फिरत असते आणि त्या फिरण्यातच पुढच्या चेनची सुरुवात असते. रॉबिनला तिथून ज्यादा गिरकी घ्यायची असेल तर ती घेईल, पण ते तिने ठरवायचं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने चामडी तळाचे बूट सापडले, या गुरुवारी तेच नेणार. पावशी, सध्या चालतच घेईन.

एकच शंका राहिली. नवरा सहा फुटांच्या वर आहे आणि मी जेमतेम पाच. त्याच्या खांद्यामागे माझा हात पोचतच नाही, मग मी टाचा उचलते आणि पायांचा सगळा तोल जातो.

शमी

टाचा उचलू नका, खांदा सोडून द्या. तुमचा हात त्याच्या दंडाच्या मागच्या बाजूला, कोपराच्या वर, जिथे सहज पोचतो तिथे ठेवा. त्यानेही हात खवाट्याच्या जरा खाली घ्यावा, पण पाठीवरच. वाकू मात्र नये. उंच माणूस वाकला की त्याचं ढुंगण मागे जातं आणि दोघांची पावलं लांब पडतात. त्याऐवजी गुडघे थोडे जास्त मोकळे ठेवावे आणि पावलं तुमच्या मापाची घ्यावी. उंची जुळत नसली तरी उजवी पावलं जवळ असली पाहिजेत. ती लांब पडली की दोघांनाही हाताने ओढावं लागतं, आणि मग तुमच्या खांद्याला ते सोसणार नाही.

गज

कॉन्कर्डला गुरुवारी जाताय तर नाच सुरू व्हायच्या आधी नवशिक्यांसाठी काही ठेवलंय का ते पाहा, असेल तर पुन्हा एकदा त्यात उभे राहा, दोघं वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. आणि त्याला एक-दोन नाच रॉबिन म्हणून नाचू दे. पाय दोघांचे सारखेच आहेत हे तिथे त्याला स्वतःच्या अंगाने कळेल.